दिवा कुठं लावलाय?

सिनेमा पाहताना मला फार लवकर रडू येते. पडद्यावरच्या आईने देवघरात समई लावायला घेतली, की मी खिशातला रुमाल चाचपू लागतो. आमच्या घरात हा जुना चेष्टेचा विषय आहे. "अहो, अजून नुसती नावं चालली आहेत," असे माझी पत्नी मला कैक वेळा म्हणाली असेल. मला त्याचे काही वाटत नाही. नाटकात रडणारा मनुष्य रसिक ठरतो आणि सिनेमात रडणारा बावळट, हा भेद कोणी केला कोण जाणे!

मात्र मी भाबडा प्रेक्षक नाही, एवढे मला आवर्जून सांगायचे आहे. रडून झाले, डोळे पुसले, की मी हिशेबाला बसतो. हे रडू मला आणले कोणी? नटाने किती आणले, दिव्याने किती, कॅमेऱ्याने किती, आणि पडद्यावर ज्यांचा मागमूसही दिसत नाही त्या व्हायोलिनवाल्यांनी किती? गिऱ्हाईक गेल्यावर वाणी जशी वही उघडतो, तसा घरी पोचेपर्यंत माझा हा जमाखर्च चाललेला असतो. ही खोड मला लावली ती आमच्या अक्काने. आणि अक्काला तर ऐकूच येत नसे.

अक्का माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. कोल्हापूरला आमच्या घरी संध्याकाळी तिचा पेटीचा रियाज चाले, आणि मी शेजारी बसून त्याच तालावर पाढे म्हणत असे. ती बावीस वर्षांची असताना तिला क्षयाने गाठले. पूर्वी त्या दुखण्यातून माणूस क्वचितच उठत असे. पण स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतेच आपल्याकडे मिळू लागले होते. त्याची इंजेक्शने तिला कितीतरी महिने घ्यावी लागली. त्यांनी तिचा जीव वाचवला आणि कान नेले. त्या औषधाचा तो धर्मच होता. त्या काळी पुष्कळांचे असे झाले. "आधी विचारलं असतं, तरी मी कानच दिले असते," असे ती पुढे म्हणे. पण हे म्हणण्यापर्यंत यायला तिला सात-आठ वर्षे लागली. तोवर पेटी माळ्यावर गेली होती आणि आम्ही पुण्याला आलो होतो.

अशातच एके दिवशी ती मला म्हणाली, "मला सिनेमाला ने." मी तेव्हा कॉलेजात होतो. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतले. "तिला कशाला नेतोस रे? गाणी लागतील, सगळी माणसं माना डोलावतील, आणि ही मधे बसून काय करील?" अक्का दारात येऊन उभी होती. ओठांवरून बोलणे ओळखायला ती एव्हाना शिकली होती. ती म्हणाली, "गाणी लागू देत. मला बघायचंय."

आणि आम्ही जाऊ लागलो. थिएटरातल्या अंधारात माझे ओठ तिला दिसत नसत, म्हणून काही सांगायचे झाले तर मी तिच्या तळहातावर बोटाने अक्षरे काढी. तिला मात्र आपण किती मोठ्याने बोलतो याचा अंदाज नसे, त्यामुळे तिचे शेरे पुढच्या-मागच्या चार रांगा ऐकत, आणि "शूऽऽ" असा निषेध फक्त मला ऐकू येई. खरे बोलणे परतीच्या वाटेवर होई. तेही चालता चालता नव्हे; रस्त्यावरचा दिवा आला की तिथे थांबून. "असा नको, इकडे वळ. तोंडावर उजेड येऊ दे," असे म्हणून ती मला खांद्याला धरून फिरवी. दिवा माझ्या पाठीशी असला तर तिच्या लेखी मी मुका होतो, समोर असला तर बोलका होतो. प्रकाशयोजना या विषयातला माझा पहिला धडा हा असा रस्त्यावरच झाला.

तिची सिनेमा पाहण्याची तऱ्हाच निराळी होती. आम्ही कानवाले लोक गोष्टीमागे धावत असू. ती उजेडाकडे पाही. "आता काहीतरी वाईट होणार. दिवा खालून लावलाय," असे ती खणखणीत आवाजात जाहीर करी, आणि खरोखरच पुढच्या क्षणी जिन्यावर खलपुरुष उभा राही. मी चकित होई. पण त्यात चमत्कार काही नव्हता. सूर्य वर असतो, घरातला दिवाही बहुधा वरच असतो. त्यामुळे माणसाच्या चेहऱ्यावरच्या सावल्या खाली उतरलेल्या पाहण्याची आपल्या डोळ्यांना जन्माची सवय. दिवा हनुवटीखाली नेला, की त्याच सावल्या वर चढतात, नाकाची सावली कपाळाकडे जाते, डोळ्यांच्या खोबणी भलत्याच ठिकाणी उजळतात, आणि ओळखीचा चेहरा परका होतो. एक मुख्य दिवा, त्याने पडलेली सावली सौम्य करणारा दुसरा भरीचा दिवा, आणि माणसाला भिंतीपासून सुटा करणारा तिसरा पाठीमागचा, अशी ही दिव्यांची मांडणी मी पुढे पुस्तकांत वाचली. भरीचा दिवा काढून घेतला, की अर्धा चेहरा काळोखात जातो आणि मनुष्य मनात दुभंगल्यासारखा दिसतो. अक्काने यातले काही वाचले नव्हते. पण सावली पाहून ती वेळ ओळखी तशी सावली पाहून प्रसंगही ओळखी.

आणि कधी कधी, जिथे सारे थिएटर सुस्कारे टाकत असे, तिथे ती हसे. नायिका खिडकीशी उभी आहे, बाहेर चंद्र आहे, कॅमेरा हळूहळू तिच्या चेहऱ्याकडे सरकतो आहे, सतारीवर विरहाचे सूर चालले आहेत, माझा रुमाल बाहेर आला आहे, आणि अक्का विचारते, "ही नुसती खिडकीशी उभी काय राहिलीय? कुणाची वाट बघतेय का?" पहिल्यांदा मला तिचा राग आला. मग लक्षात आले, की तिचे बरोबर आहे. ती बाई खरोखरच काही करत नव्हती. चेहऱ्यावर काही विशेष भावही नव्हता. मला जो विरह दिसत होता तो मी ऐकत होतो.

याच गोष्टीचा पुरावा रशियात फार पूर्वी मिळालेला आहे. १९२०च्या सुमारास कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने मोझुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एक तुकडा घेतला आणि तोच तुकडा तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडला: सुपाची बशी, शवपेटीतली स्त्री, आणि खेळणारी लहान मुलगी. त्याचा शिष्य पुदोव्हकिन याने लिहून ठेवले आहे, की प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यात विचारमग्नता, दुःख आणि आनंद असे तीन निरनिराळे भाव दिसले, आणि त्यांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली. नटाने काहीच केले नव्हते. शेजारी काय ठेवले त्यावरून प्रेक्षकांनीच तो चेहरा भरून काढला. सूपाच्या बशीच्या ठिकाणी सतार ठेवा. खिडकीतली बाई तयार होते.

एकदा मॅटिनीला 'कुंकू' लागला. प्रभातचा हा बोलपट १९३७चा, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, आणि तो वकील काकासाहेब, म्हणजे केशवराव दाते. अक्काने तो लहानपणी, कान शाबूत असताना, पाहिलेला होता. मला धास्ती वाटत होती, की आता आपण काय गमावले ते तिला पावलोपावली कळेल. घडले उलटेच. दिव्याखाली थांबल्यावर ती म्हणाली, "हा मला होता तसाच दिसला. घड्याळसुद्धा वाजलं."

हे कसे झाले याचा मी पुष्कळ दिवस विचार करत होतो. 'कुंकू'मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीताचा वाद्यवृंद वापरलाच नाही. केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असून त्यांनी हा निग्रह पाळला. जे ऐकू येते ते त्या घरातले, त्या रस्त्यावरचे, दृश्यात जे आहे त्याचेच. भिंतीवरचे घड्याळ आहे, ते वाजते. आणि ज्या आवाजाचा धनी डोळ्यांना दिसतो, तो आवाज स्मरणातून उभा करता येतो. लंबक हलताना दिसला, की अक्काच्या मनात टोला पडे. खिडकीतल्या बाईमागची सतार मात्र कोणाच्याच हातात नव्हती. जी दिसत नाही ती तिने कुठून ऐकावी?

याच शांतारामबापूंनी तीन वर्षे आधी, 'अमृतमंथन'मध्ये, टेलिफोटो भिंगाने राजगुरूचा एक डोळा सबंध पडद्याएवढा करून दाखवला होता. मराठी चित्रपटात तो राजगुरूही केशवराव दातेच. एका चित्रपटात ज्या माणसाच्या नुसत्या डोळ्याने थिएटर भरून टाकले, त्यालाच दुसऱ्यात आपल्याच घरात परक्यासारखे वावरायला लावले, घड्याळाच्या टोल्यांखाली म्हातारे होऊ दिले. कॅमेरा जवळ नेण्याचे सामर्थ्य हाती आल्यावर तो कधी दूर ठेवावा हे कळायला मला वाटते अधिक मोठा अधिकार लागतो.

आम्ही कोल्हापूरची माणसे. आमच्याकडे या विद्येला वंशपरंपरा आहे असे म्हटले तरी चालेल. बाबूराव पेंटर मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. सपाट कापडावर सावली टाकून खोली कशी दाखवावी हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. मग त्यांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि तेच काम उजेडाकडून करून घेतले. 'सिंहगड'साठी १९२३ साली त्यांनी कृत्रिम दिवे लावून चित्रण केले. त्यांच्या 'सावकारी पाश'मध्ये १९२५ साली तरुण शांताराम शेतकरी झाले होते, आणि त्याचीही कथा ना. ह. आपट्यांचीच होती. पुढे १९३६ साली बाबूरावांनी त्याचा बोलपट केला. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनात त्यातले एकच दृश्य कायमचे ठसले होते: दुरून दिसणारी, अंधूक उजेडातली एक उदास झोपडी आणि एका कुत्र्याचे विव्हळणे. बस्स. सावकाराने नाडलेल्या कुळाचे दुःख सांगायला एवढी सामग्री त्यांना पुरली. मला त्यात पडदे रंगवणाऱ्याचा हात दिसतो. पडद्यावर सगळेच रंगवले तर नटाने उभे कुठे राहायचे, हे त्याला माहीत असते.

'कागज के फूल' आम्ही असाच पुन्हा लागला तेव्हा पाहिला. १९५९ साली तो आला आणि पडला. आपल्या देशातला सिनेमास्कोप पडद्याचा तो पहिला चित्रपट. त्यातले गीता दत्तचे गाणे मी रेडिओवर शंभरदा ऐकलेले होते, त्यामुळे ते लागताच मी सवयीने डोळे मिटून घेतले. अक्काने माझ्या दंडाला चिमटा काढला. "अरे, बघ! कवडसा!"

मी डोळे उघडले. रिकाम्या स्टुडिओत वहिदा रेहमान आणि गुरुदत्त एकमेकांपासून दूर उभी आहेत, आणि वरून उजेडाचा एक तिरपा खांब खाली उतरला आहे. त्यात धूळ तरंगते आहे. दोघे जागची हलत नाहीत. पण त्यांच्या देहांतून त्यांच्याच छाया निघतात आणि त्या उजेडाकडे चालू लागतात. मनुष्य जे करू शकत नाही ते त्याचा उजेड करतो. आमच्या कोल्हापूरच्या माजघरात छपराला एक काचेचे कौल होते. दुपारी त्यातून असाच कवडसा पडे आणि अक्काच्या पेटीवरून सरकत सरकत भिंतीवर चढे. तिला तो ओळखीचा वाटला यात नवल नाही. पण तो खराही होता, हे मला पुढे कळले. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी तो दिव्यांनी केलेला नव्हता. बाहेर उन्हात एक मोठा आरसा ठेवून, त्यावरचे ऊन दुसऱ्या आरशावर घेऊन, त्यांनी सूर्यालाच स्टुडिओत आणले होते. दिव्यापासून निघालेले किरण पुढे पुढे फाकत जातात. इतक्या दुरून येणारे ऊन फाकत नाही, दोरीसारखे सरळ उतरते. हा फरक आपण शब्दांत सांगू शकत नाही, पण ज्याच्या घराला काचेचे कौल होते त्याचा डोळा तो बरोबर ओळखतो. मूर्तींना या चित्रपटासाठी फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, आणि २००८ सालचा फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला, तेव्हा तो मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार ठरले. ते व्हायोलिनही वाजवत, हे मला कळले तेव्हा अक्का नव्हती. तिला सांगायला हवे होते असे फार वाटले.

आता 'पथेर पांचाली'विषयी सांगतो. एका फिल्म सोसायटीने तो दाखवला होता. लोखंडी घडीच्या खुर्च्या, मागे यंत्राची खडखड. ती खडखड अर्थात मलाच ऐकू येत होती. अक्का अगदी शांततेत होती. संवाद बंगाली, खाली इंग्रजी अक्षरे. त्यामुळे भाषेच्या बाबतीत त्या दिवशी आम्ही दोघे सारखेच होतो. वादळाच्या रात्रीचा प्रसंग तिने श्वास रोखून पाहिला. तापाने फणफणलेली दुर्गा, खिडकीला लावलेले फडफडणारे गोणपाट, विझू विझू करणारी ज्योत, आणि तिच्याबरोबर कोनाड्यातल्या गणपतीवर हलणारी सावली. वारा कसा दाखवावा याचे उत्तर त्यात होते. तो ऐकू येण्याची गरजच नव्हती. सुब्रत मित्र या तरुणाने त्याआधी चित्रपटाचा कॅमेरा हातात धरलेला नव्हता, हे सांगूनही खरे वाटत नाही.

मग बाप परत येतो. कित्येक महिन्यांनी आलेला हरिहर, मुलगी गेल्याचे त्याला माहीत नाही. तो गाठोडे सोडतो, आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला दाखवतो, आणि शेवटी दुर्गासाठी घेतलेली साडी काढतो. सर्वजया ती हातात घेते, तोंडाशी नेते, आणि कोसळते. तिचे तोंड उघडते. इतके दिवस कोंडलेला हंबरडा बाहेर पडतो.

मी ढसाढसा रडत होतो, हे सांगायला नकोच. अक्का रडली नाही. ती ताठ बसून होती. परतीच्या वाटेवर पहिला दिवा आला, दुसरा आला, तरी ती थांबेना. तिसऱ्या दिव्याखाली तिने मला वळवले.

"ती ओरडली तेव्हा तुला काय ऐकू आलं?"

"ओरडणं नाही. एक वाद्य वाजलं. सारंगीसारखं, पण फार वरच्या पट्टीतलं. चिरत गेल्यासारखं."

"आणि तिचा आवाज?"

"नव्हताच."

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही ऐकू आला नाही तर."

सत्यजित राय यांनी तिथे काय केले हे मी तोपर्यंत अनेकांकडून ऐकले होते. पण ते मला समजले ते त्या दिव्याखाली. त्यांनी बाईचा आवाज काढून घेतला. तिच्या तोंडून येणारे रडणे तिथे ठेवले असते, तर ते एका बाईचे रडणे झाले असते, आणि आपण शेजाऱ्यांसारखे दारात उभे राहून ते ऐकले असते. त्यांनी क्षणभर आम्हां सगळ्यांनाच बहिरे केले. उघडलेले तोंड दिसते आहे आणि आवाज पोचत नाही, ही जी अवस्था, तिच्यात अक्का बारा-तेरा वर्षे राहत होती. तिथे त्या दिवशी सबंध सभागृह येऊन बसले होते. आणि आमच्यासाठी त्या रिकाम्या जागेत तारशहनाई ठेवलेली होती. एस्राजालाच कर्णा जोडून केलेले हे वाद्य. ना धड माणसाचा आवाज, ना धड तारांचा. दक्षिणामोहन टागोरांनी ते वाजवले. रविशंकरांनी या चित्रपटाचे संगीत एका रात्रीत केले, हे प्रसिद्धच आहे.

"राग कुठला होता?" अक्काने विचारले. दहा-बारा वर्षांत तिने माझ्याशी गाण्याविषयी काढलेला हा पहिला शब्द. मला सांगता आले नाही. मग मी जाणकारांना विचारले आणि चार दिवसांनी तिला सांगितले: पटदीप. नाट्यगीतांवर वाढलेल्या मराठी माणसाला पटदीप नवा नाही. अक्काचा तर तो हातातला राग. ती काही बोलली नाही. दुपारी आई निजल्यावर तिने माझ्याकडून माळ्यावरची पेटी काढून घेतली, फडक्याने पुसली, आणि भात्याला हात न लावता नुसत्या पट्ट्यांवर बोटे फिरवली. कोमल गंधारावर ती थांबली, पुन्हा मागे आली, पुन्हा वर गेली. पट्ट्यांचा टकटक एवढाच आवाज. मी दाराआड उभा होतो. तिला त्यात काय ऐकू आले ते मी विचारले नाही. पण पेटी त्यानंतर माळ्यावर गेली नाही.

पुढे १९७३ साली पुण्यात दूरदर्शन दिसू लागले आणि रविवारचा सिनेमा घरात आला. तेव्हा मी एक उद्योग केला. अक्का पाहत असताना कधी कधी मी आवाजाचे बटण बंद करी आणि तिच्याशेजारी तिच्यासारखाच बसे. तुम्हीही हे करून पाहा. बरेचसे चित्रपट दहा मिनिटांत पोकळ होतात. नायक धावतो ते हास्यास्पद दिसते, आई देवापुढे उभी राहते ती नुसतीच उभी राहिलेली दिसते. संगीत काय काय करीत होते ते तेव्हा कळते: ते वेळ भरून काढते, पुढे येणाऱ्या संकटाची वर्दी आधीच देते, आणि चेहऱ्यावर जे नाही ते आहे अशी ग्वाही देते. हे काम कमी मोलाचे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. हिचकॉकच्या 'सायको'मधला न्हाणीघरातला खून घ्या. १९६०चा हा चित्रपट. त्या प्रसंगाला संगीत नको असेच हिचकॉकचे म्हणणे होते. बर्नार्ड हर्मनने नुसत्या तंतुवाद्यांवर संगीत रचले, ऐकवले, आणि हिचकॉकने आपला हट्ट सोडला. तो प्रसंग मी आवाज बंद करून पाहिला. डोळ्यांना चित्रांचे भराभर तुकडे दिसले, पण अंगावर काटा आला नाही. सुरी कॅमेऱ्यात होती आणि तिची धार व्हायोलिनमध्ये.

मग प्रश्न उरतो तो असा, की हे सगळे मिळून आपल्याला फसवतात का? उजेड आरशातून आणलेला, हंबरडा कर्ण्यातून काढलेला, आणि माझ्या डोळ्यांतले पाणी तेवढे खरे? आईला अखेरपर्यंत असेच वाटे. "खोट्यासाठी रडता आणि खऱ्याला कोरडे," असे ती म्हणे. तिच्या बोलण्यात तथ्य होते. अक्काचे कान गेले तेव्हा आमच्या घरात कोणी मोठ्याने रडले नाही. जीव वाचला याचा आनंद करायचा, की गेले त्याचे दुःख, हे कोणाला ठरवता आले नाही, आणि त्या गोंधळात पेटी निमूट माळ्यावर गेली. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. पाढे म्हणायला ताल उरला नाही एवढेच मला कळले. सर्वजयेच्या उघड्या तोंडाकडे पाहून मी रडलो, त्यात ते जुने देणे किती होते, हे माझ्या वहीत मला अजून मांडता आलेले नाही. पण तारशहनाईने ते दुःख तयार केले नाही, एवढे नक्की. ते होतेच; त्याला बाहेर यायला वाट मिळाली.

'पथेर पांचाली'नंतर त्याच सोसायटीने 'अपराजितो' दाखवला. १९५६चा. त्यात काशीतले घर आहे, मधे चौक, वरून येणारा दिवसाचा मंद उजेड. अक्का सुरुवातीपासून अस्वस्थ होती. वर पाही, कोपरे पाही, माणसांच्या हनुवट्या पाही. शेवटी तिने ठेवणीतल्या मोठ्या आवाजात विचारले, "अरे, इथं दिवा कुठं लावलाय?"

तिला तो सापडत नव्हता, कारण कुठेच सावलीचे टोक नव्हते. तो चौक काशीतला नव्हताच. पावसाच्या भीतीने कलकत्त्याच्या स्टुडिओत बन्सी चंद्रगुप्तांनी उभारला होता. सुब्रत मित्रांनी त्यावर आभाळासारखे पांढरे कापड ताणले, आणि दिवे माणसांवर न टाकता खालून त्या कापडावर टाकले. कापडावरून परतलेला उजेड चौकात झिरपला. आपल्या वाड्याच्या चौकात सकाळी असतो तसा. कुठून आला हे कोणी विचारत नाही असा. हेच मित्र सतारही वाजवत, आणि 'पथेर पांचाली'तल्या एका प्रसंगाची सतार त्यांनीच वाजवलेली आहे.

अक्का जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. माझेही कान उतारवयाने मंदावले आहेत. नात कानात यंत्र घाला म्हणते, आणि हल्लीच्या चित्रपटगृहांतले संगीत इतके दणदणीत असते, की यंत्र नसले तरी ते छातीत ऐकू येते. ते कुठे रडायचे, कुठे भ्यायचे, हे इतक्या मोठ्याने सांगते, की मला आमच्या अक्काच्या मागच्या रांगेतल्या लोकांसारखे "शूऽऽ" म्हणावेसे वाटते. रडू मात्र अजूनही येते. आले, की मी जुन्या सवयीने पडद्यावर दिवा शोधू लागतो. बहुतेक वेळा तो चटकन सापडतो, आणि मग मी वही उघडून ज्याचे त्याच्या नावावर मांडून टाकतो. क्वचित कधी तो सापडत नाही. तेव्हा मी हिशेब करीत नाही.